खालच्या हवेचा जेट

मालतीकाकूंच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला आणखी एक दोरा असायचा. पांढरा, देवाच्या वातींसाठी आणलेल्या सुताचा, वळून जाड केलेला. त्यात पितळेचे बारके, भोकाचे तुकडे ओवलेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, कुठल्या तरी देवस्थानचा ताईत असेल. डेन्व्हरच्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी तर विचारलंच होतं, "कुणी दिलं हो हे तुम्हाला? गुण येतो का?"

"येतो," काकू म्हणाल्या. "पण हवा बघून बदलावा लागतो."

ते स्नोमोबीलच्या कार्बोरेटरचे जेट होते. स्नोमोबील म्हणजे बर्फावरची स्कूटर. पुढे चाकांऐवजी दोन पाट, मागे रबरी पट्टा, आणि मध्ये आपल्या स्कूटरसारखंच टू-स्ट्रोक इंजिन. हवेबरोबर पेट्रोल किती जायचं ते या पितळी तुकड्याच्या भोकावर ठरतं. हवा गार पडली की दाट होते, तिला पेट्रोल जास्त लागतं, भोक मोठं हवं. डोंगर चढलं की हवा विरळ, पेट्रोल कमी पुरतं, भोक लहान हवं. काकूंचं गाव कोलोरॅडोच्या डोंगरात, घाटमाथ्याच्या जरासं खाली. गावाची हवा एक, माथ्यावरची दुसरी, पलीकडच्या खोल दरीतली तिसरीच. म्हणून जेट गळ्यात. खिशात ठेवले तर इतके गार पडतात की उघड्या बोटाला चिकटून कातडी घेऊन येतात. छातीशी राहिले की ऊब धरून असतात.

"आणि तारेत ओवायचे नाहीत," काकू मला बजावायच्या, जणू मी उद्याच गॅरेज काढणार होते. "तारेनं भोकाला ओरखडा पडतो. ओरखडा पडलेला जेट खोटं बोलतो."

मी हे रागानं लिहिते आहे हे आधीच सांगून टाकते. मला दुसरं लिहिणं येत नाही. डेन्व्हरला शिकायला आले आणि पहिल्याच वर्षी आमच्या चारपाच जणींच्या गटासाठी पत्रकं लिहायला लागले. विषय एकच. इंजिनियर, डॉक्टर, शास्त्रज्ञ म्हणून नवरे या देशात येतात, त्यांच्याबरोबर बायका येतात. बायकोचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला शेपटासारखा लटकवलेला. राहा, स्वैपाक करा, पोरं वाढवा; काम केलंत तर बेकायदा. नवऱ्याची नोकरी गेली की शेपटासकट बाहेर. या बाईच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही, खाणीचंही नाही, आणि मालती खानविलकर हेही त्यांचं खरं नाव नव्हे. ज्या देशात कुणीही चौकात उभं राहून काहीही बोलू शकतं म्हणतात, त्या देशात राहून मला एका बाईचं नाव लपवून तिच्यावर लिहावं लागतं, याची वाचणाऱ्यानं नोंद घ्यावी.

आमची गाठ पडली गणपतीत. मंडळानं एका शाळेचं जिम भाड्यानं घेतलं होतं. बास्केटबॉलच्या जाळीखाली मखर. मी दाराशी पत्रकं वाटत होते आणि बायका त्यात मुलांसाठी मोदक गुंडाळून पर्समध्ये टाकत होत्या. एक उंच, काटक, चाळिशीतल्या बाई नारायणपेठी नेसून आल्या, पत्रक घेतलं आणि भिंतीला टेकून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगाला पेट्रोलचा वास येत होता. तो येतोय हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याची त्यांना काडीची फिकीर नव्हती.

"तू लिहिलंस?"

"हो."

"पेन आहे?"

सही करतील म्हणून मी उत्साहानं पेन दिलं. त्यांनी 'पीडित', 'असहाय', 'मूक', 'सोन्याच्या पिंजऱ्यातल्या' या सगळ्यांवर काट मारली आणि कागद माझ्या हातात परत ठेवला.

"फार पेट्रोल ओततेस गं. प्लग काळा पडतो, गाडी उठत नाही. आता बघ, पळेल."

मी तडकलेच. "तुम्ही स्वतः काय करता?"

"मी? काही करत नाही. मला परवानगी नाही." आणि मग, माझा चेहरा बघून, "पुण्याच्या स्कूटर कारखान्यात इंजिन टेस्टिंगला होते. पूर्ण खात्यात बाई म्हणून मी एकटी. इथे काही करत नाही. ते काही न करायला रोज सकाळी समोरच्या गॅरेजात जाते."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "काय गं पत्रकवाले," एवढंच.

समोरचं गॅरेज रॉय नावाच्या माणसाचं होतं. स्नोमोबील भाड्यानं द्यायच्या आणि दुरुस्त करायच्या, हा त्याचा धंदा. काकूंचा तिथे शिरकाव कसा झाला ते त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. गावातला पहिला हिवाळा. वसंतकाका, म्हणजे त्यांचे यजमान, खाणीत भूगर्भशास्त्रज्ञ. घरातली एकुलती एक गाडी घेऊन ते पहाटेच खाणीवर जायचे. मागे काकू, चाकांवरच्या ट्रेलरचं घर आणि खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ. समोर रॉय एका बंद मशीनची दोरी ओढून ओढून घामाघूम झालेला. काकूंनी ते खिडकीतून बराच वेळ सोसलं. मग कोट चढवून रस्ता ओलांडला.

"मी म्हटलं, बाजूला हो. टू-स्ट्रोक आहे ना? मग आडवी करायची. आपण स्कूटर कशी तिरकी करतो, कार्बोरेटरच्या अंगाला कलती करून मग किक मारतो, तशी! तो आणि त्याचा भाऊ बघतच राहिले. मी म्हटलं, धरा. धरलं बिचाऱ्यांनी. घातली आडवी."

"मग?"

"मग काय! सगळं पेट्रोल बाहेर. बर्फावर हे एवढं गुलाबी तळं, इंजिनाच्या पोटात आणखी एक. प्लग म्हणजे आमटीतून काढल्यासारखा." सांगताना त्या तोंडाला पदर लावून हसायच्या; पदर नसला तर हातातलं फडकं. "रॉय म्हणाला, लेडी, मशीन फक्त बंद होतं, तू त्याला बुडवलंस. मी म्हटलं, बुडवलं मी, तर काढीनही मीच. प्लग घरी नेला, गॅसवर शेकला, आणून बसवला. थ्रॉटल पूर्ण उघडी ठेवून दोरी ओढ म्हटलं. उठलं की! मग आवाज ऐकला आणि सांगितलं, तुझा जेटच चुकलाय. हा मैदानातला जेट आहे, या डोंगरात ही बया सदा गुदमरत राहणार."

त्यानंतर त्यांनी पुन्हा मशीन आडवं केलं नाही. पण रॉय मरेस्तोवर ते विसरणार नव्हता. गिऱ्हाइकांना तो त्यांची ओळख करून द्यायचा ती अशी: "या मिसेस के. यांच्यासमोर मशीन उभं ठेवा."

काकूंची कामाची रीत बघण्यासारखी होती. रॉयच्या भिंतीवर तक्ता होता: इतकी उंची, इतकी थंडी, अमुक नंबरचा जेट. काकू तक्ता बघायच्या, मग दाराबाहेर जाऊन नाकानं जोरात श्वास ओढायच्या. नाकपुड्या आतून चिकटल्या तर एक नंबर मोठा. मग मशीन पळवून आणायचं, बंद करायचं, प्लग काढायचा आणि त्याच्या टोकाचा रंग बघायचा. "चकलीची भाजणी कशी दिसते? तसा पाहिजे. खमंग. काळा, ओला म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, आणि तू आता मरणार." शेवटचं वाक्य त्या मशीनला उद्देशून म्हणत की चालवणाऱ्याला, ते कधी स्पष्ट झालं नाही. कोलोरॅडोचे धिप्पाड गडी प्लग हातात घेऊन त्यांच्यासमोर उभे राहत आणि बोलणी खात. विनय हा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता. "मला येतं" हे वाक्य त्या दिवसातून इतक्या वेळा म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी तरी सतत नाही म्हणतंय. आणि म्हणतच होतं ना! सरकार म्हणत होतं.

घरात त्यांचं देवघर म्हणजे फ्रीजवरची एक फळी. तिच्यावर गणपती, अन्नपूर्णा, आणि उदबत्तीच्या घराच्या जागी एक पिस्टन. अॅल्युमिनियमचा, माथ्याला भोक पडलेला. भोकाच्या कडा मेणासारख्या वितळलेल्या. त्या भोकात उदबत्त्या खोचलेल्या.

"हा कुणाचा?"

"एका शहाण्याचा. माथ्यावर मजा करायला गेला, तिथे जोर मिळावा म्हणून बारका जेट घातला. घातला तो बरोबरच. पण तसाच सुसाट पलीकडे दरीत उतरला. खाली हवा दाट, त्यात बर्फासारखी थंडी, पेट्रोल पुरेना. आत भट्टी पेटली आणि पिस्टनला भोक. घरी आला तो ट्रकमधून." त्यांनी राख झटकली. "ऐकून ठेव. जास्त पेट्रोल पडलं तर मशीन गुदमरतं. कमी पडलं तर जळतं. गुदमरलेलं परत उठतं, जळलेलं उठत नाही. म्हणून संशय असेल तर मोठा जेट. खालच्या हवेचा जेट ठेवून वर गेलं तर खोकतं, धूर ओकतं, चिडचिड करतं. पण ते कधीही खाली यायला तयार असतं. वरच्या जेटवर मात्र खाली यायचं नाही."

खाणीतल्या लोकांना तेव्हा नोकरी संपल्याची पाकिटं मिळायला लागली होती. धातूचे भाव पडले होते, दर शुक्रवारी कुणाला तरी बोलावून निरोप द्यायचे. काकांचा ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीमार्फतच गेलेला. नोकरी असेपर्यंत अर्ज, अर्ज असेपर्यंत आशा. अशात ख्रिसमसच्या पार्टीत काकांच्या वरच्या साहेबानं हसत हसत विचारलं, "वसंत, तुझी बायको रॉयकडे कामाला आहे म्हणे?" धमकी नव्हती. गप्पाच होत्या. काका घरी आले आणि जेवले नाहीत.

"ते काय म्हणाले?" मी काकूंना विचारलं.

"काही नाही म्हणाले. ते कधीच काही म्हणत नाहीत. नुसते माझ्या हातांकडे बघत बसले." काकूंच्या नखांच्या कडा कायमच्या काळ्या होत्या. "दुसऱ्या दिवशी मी लिंबाची सालं घेऊन बसले. निघत नाही ते."

त्या गॅरेजात जायच्या बंद झाल्या. एक रस्ता ओलांडायचा, तोही बंद. पण माणसं यायची थांबली नाहीत. ती मागच्या अंगाला, स्वैपाकघराच्या खिडकीशी यायची, बर्फात उभी राहून प्लग वर धरायची. काकू आतून बघायच्या, खिडकी बोटभर उघडून सांगायच्या, "एक नंबर लहान," किंवा "पेट्रोलमध्ये ऑइल कमी घालतोस, कंजूस." मशीनला हात नाही, पाना नाही. "मी काम करत नाही," त्या मला म्हणाल्या, "मी बोलते. खिडकीतून बोलायला अजून परवाना लागत नाही." हे सांगताना त्या हसल्या होत्या. मला हसू आलं नव्हतं. कारखान्यात इंजिनं कानानं तपासणारी बाई, तिला आता समोरचं मशीन ऐकायला खिडकीच्या फटीला कान लावावा लागत होता.

तिकडे रॉयनं गॅरेजवर नवी पाटी लावली: उंचीवरच्या मशीनचा तज्ज्ञ, आणि खाली त्याचं नाव. मी गेले ती तणतणत सरळ त्याच्याकडेच.

"हे तुझं ज्ञान आहे?"

"नाही," तो म्हणाला. तसा भला माणूस होता, तीच तर अडचण होती. "तिचं आहे. तिचं नाव लावू? सांग, लावतो आत्ता. मग इमिग्रेशनचे लोक येऊन मला विचारतील ही कोण, तेव्हा उत्तर तू देणार का?"

मी पत्रकात अशा माणसांना शोषक लिहीत असे. रॉयला ते पुरतं लागू होत नव्हतं आणि त्यानं माझा राग दुप्पट झाला. प्रत्येक जण आपापल्या जागी भला, आणि बाई खिडकीत.

फेब्रुवारीत डेन्व्हरला एक सुनावणी ठरली. परदेशी नोकरदारांच्या बायकांना कामाची परवानगी द्यावी की नाही, यावर लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होते. आमच्याकडे आकडे होते, पत्रकं होती, वकील होती. नव्हती ती एक जितीजागती बाई, जी उभी राहून स्वतःच्या नावानं सांगेल. विचारलेल्या सगळ्यांनी शेवटच्या क्षणी कॅन्सल केलं. मी बसनं काकूंच्या गावाला गेले आणि त्यांच्या टेबलाशी ठाण मांडून बसले. दुसऱ्या दिवशी खालच्या रस्त्यावर हिमकडा कोसळला. डेन्व्हरचा रस्ता बंद.

त्या ट्रेलरमध्ये आम्ही तिघं कोंडून पडलो. बर्फ खिडकीच्या वर गेलं, दिवसाही दिवा. हीटर घरघरायचा. खाणही बंद, त्यामुळे काका घरात. ते दगडांचे नमुने पुसायचे, परत डब्यात ठेवायचे, परत काढायचे. घर एवढं लहान की कुणी सुस्कारा टाकला तरी तो कुणासाठी हे तिघांनाही कळायचं. मी बोलत होते. मी काय, बोलणारच. हक्क म्हणाले, इतिहास म्हणाले, आज तुम्ही गप्प बसलात तर उद्या आणखी हजार जणी गप्प बसतील म्हणाले.

शेवटी काका बोलले. हळूच, नमुन्यावरून नजर न काढता. "तू छान बोलतेस गं. खरंही बोलतेस. पण तिथे तिला विचारतील, यजमान कुठे असतात? मग ती काय सांगेल?"

"खरं सांगतील."

"हो. मग सोमवारी मला कोण काय विचारेल, ते तुझ्या पत्रकात आहे का?"

"म्हणजे तुमच्या नोकरीसाठी त्यांनी जन्मभर—"

"ए," काकू म्हणाल्या. त्या तांदूळ निवडत होत्या. "त्यांना बोलू नकोस. ते काही मजेत नाहीत. खाणीत जातात तेव्हा दर वेळी वाटतं त्यांना, वर येईन तेव्हा नोकरीचा बिल्ला चालेल की नाही. आम्ही दोघं एकाच डब्यात आहोत, पत्रकवाले. फक्त झाकण त्यांच्या नावावर आहे."

"मग तुम्ही येणार की नाही?"

त्यांनी तांदळातला खडा उचलून बाजूला ठेवला.

सकाळी उजाडताच त्यांनी मला हलवलं. आकाश निळं, स्वच्छ, थंडी मरणाची. "ऊठ. इकडचा रस्ता नाही, पण तिकडचा आहे. माथ्यावरून पलीकडे उतरायचं, हायवेवरून बस मिळते. रॉयचं मशीन घेतलंय."

"तुम्ही येताय? सुनावणीला?"

"बघू वर गेल्यावर."

काका दाराशी आले. त्यांनी आपली माकडटोपी काढून काकूंच्या डोक्यावर घातली, कानावरून नीट ओढली. "संध्याकाळी जेवायला..." ते म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "भात लावून ठेवा," त्या म्हणाल्या. कितीजणांचा, ते नाही सांगितलं.

काकू ते मशीन काय चालवत होत्या! इतके आठवडे खिडकीत उभी असलेली बाई, आता हात, खांदे, कमर, सगळं मशीनमध्ये ओतून बसली होती. मी मागे त्यांच्या कमरेला मिठी मारून बसले होते. दोन ठिकाणी थांबलो. दोन्ही वेळा त्यांनी हातमोजे दातात धरून काढले, जाकिटाची चेन खाली ओढली, दोऱ्यातून एक जेट सोडवला, कार्बोरेटरखालची टोपी उघडून बदलला. काढलेला परत दोऱ्यात. "वर चाललोय. आता हिला कमी लागतं." माथ्याशी पोचलो तेव्हा सगळ्यात बारका जेट आत होता आणि इंजिन कसं स्वच्छ, कापड फाडल्यासारखं वाजत होतं.

माथ्यावर रस्ते खात्याची झोपडी होती. तिथे पट्ट्याची एक मोठी गाडी उभी, खाली दरीत उतरायच्या बेतात. ड्रायव्हर म्हणाला, एकीला जागा आहे, चल.

मला सगळं समजलं. इथून काकूंना परत जायचं असेल तर गावातून निघताना होता तोच जेट पुरणार होता. गाव माथ्याच्या जरासंच खाली. मला त्या गाडीत बसवायचं आणि वळायचं, झालं. आणि दरीत उतरायचं असेल तर सगळ्यात मोठा जेट घालायलाच हवा होता. मी काहीच बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

काकू दरीकडे बघत उभ्या होत्या. खाली धुकं गोठून बसलं होतं. त्यांनी नाकानं श्वास ओढला. मग दातांनी हातमोजा काढला, चेन ओढली आणि दोऱ्यातला सगळ्यात टोकाचा, सगळ्यात मोठ्या भोकाचा जेट काढला.

"त्याला सांग, जागा नको," त्या म्हणाल्या.

मी ओरडलेच आनंदानं. "बडबड करू नकोस, कार्बोरेटरची टोपी धर," म्हणाल्या. मोठा जेट घालून मशीन सुरू केलं. त्या विरळ हवेत ते खोकलं, निळा धूर ओकलं. आम्ही उतरायला लागलो तसतसा आवाज मोकळा होत गेला. अर्ध्या वाटेवर धूर थांबला. दरीत पोचलो तेव्हा इंजिन गात होतं. काकूही काही तरी गुणगुणत होत्या, मागे बसलेल्या मला ते फक्त त्यांच्या पाठीतून जाणवत होतं.

हायवेवर पेट्रोल पंपाशी बस उभी होती. मी धावत जाऊन चढले, वळून बघितलं. काकू दाराशी आल्या होत्या. एक पाय पायरीवर, हात दांडीवर. आत बघत होत्या: सीटा, पेपर वाचणारे लोक, कुणाचं तरी पेंगुळलेलं पोर. ड्रायव्हर म्हणाला, "मॅम, येताय की नाही?"

"आज नाही," काकू म्हणाल्या आणि पाय काढून घेतला.

मी खाली उडी मारली. "काकू! इतकं येऊन? मग आलात कशाला?"

"यायला येतं का बघायला." त्यांचा चेहरा थंडीनं लाल झाला होता. "येतं. मला येतं." मग माझं मनगट धरलं. बोटं गरम होती. "ऐक. मी तिथे उभी राहिले तर जळणारा पिस्टन माझा नाही गं. त्यांचा आहे. आणि तो माणूस घरी भात लावून बसलाय."

"हा न्याय आहे का?"

"नाही. मी कुठे म्हटलं? तू जाऊन सांग, की नाही म्हणून. माझं नाव घालू नकोस. पण 'एक पीडित स्त्री' असं लिहिलंस तर याद राख. मेकॅनिक लिही."

सुनावणीत काय झालं ते एका दमात सांगून टाकते. ज्याला नाव नाही त्याचं निवेदन नोंदवता येत नाही, म्हणाले. मी तरीही वाचलं. "एक मेकॅनिक म्हणते" अशी सुरुवात केली. विशेषण एकही घातलं नाही. माइक बंद केला तरी वाचलं. नियम बदलला नाही. पुढे ती खाण बंद पडली. रॉयला विचारलं, तर म्हणाला, ट्रेलर रिकामा आहे, कुठे गेले ते त्यानं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. अर्जाचं काय झालं मला ठाऊक नाही. म्हणून नाव लपवलंय. अजून चालू असला तर?

माझ्याकडे त्यांचं म्हणून उरलंय ते बसच्या मागच्या काचेतून बघितलेलं.

बस निघाली तशी मी मागे पळत गेले, काचेवरचं बर्फ नखांनी खरवडलं. काकू मशीनशी पोचल्या होत्या. आता त्या गुडघ्यावर बसतील, हातमोजा दातात धरतील, मोठा जेट काढून वरच्या हवेचा घालतील. परतीची चढण होती. ही बाई एका नंबरचा फरक सहन करत नसे. मी वाट बघत होते.

त्या बसल्या नाहीत. माकडटोपी कानावर ओढली, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावून टाकली आणि दोरी ओढली. खालच्या पट्ट्यात मशीन झकास पळालं. पहिल्या वळणावर आवाज जड झाला. दुसऱ्या वळणावर निळा धूर दिसला. मग ते दर वळणाला जास्त गुदमरायला, खोकायला, अडखळायला लागलं. त्या कुठेही थांबल्या नाहीत. पांढऱ्या डोंगरावर निळी रेघ ओढत, खालच्याच हवेच्या जेटवर, त्या वर जात राहिल्या.